लेडीज बॅच, सव्वासहा ते सात

मे महिन्यात नागपूर
उठतं तेच तापलेलं.
वाळ्याचे ताटे भिजवायचं काम सासूबाईंकडे,
आणि मला भिजू न द्यायचंही.
"बाप्पा, सातव्या महिन्यात पोहाले जाते का वो कोणी?"
हे त्या कूलरला विचारत होत्या, मला नाही.

डॉक्टर हो म्हणाल्या.
हर्षल म्हणाला, तू ठरव. म्हणजे घाबरला.
मी ठरवलं.

गोकुळपेठेतल्या शिवणवाल्या बाईंनी माप घेतलं,
टेप पोटावरून फिरवताना क्षणभर थांबल्या,
म्हणाल्या, अजून वाढंल.
आणि शिवणीत दोन इंच माया ठेवली.
कापडातल्या त्या जागेला माया म्हणतात
हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.
त्या दिवशी रिक्षात बसून रडले तरी.

अंबाझरीकडच्या त्या तलावात
तेव्हा आम्ही सातजणी.
रेल्वेच्या बुकिंग खिडकीतून रिटायर झालेल्या अंदनकर मावशी,
पोलीस भरतीची तयारी करणारी प्रांजली,
घरात एकमेकींशी न बोलणाऱ्या आणि पाण्यात
सगळं बोलून घेणाऱ्या दोन जावा,
बाकीच्यांची नावं टोप्यांच्या रंगांवर.
काठावर डिकोंडवार मॅडम, गळ्यात शिट्टी:
"पोटाले भिऊ नको, थेच तरंगवते तुले."

पाठीवर झोपले.
कानात पाणी गेलं
आणि सल्ले बंद झाले.
पपई, ग्रहण, डाव्या कुशीवर झोप, केशर, वजन, जिना.
सगळा धंतोली ते धरमपेठ कुठेतरी वर राहिला.
खाली फक्त माझा श्वास,
मोठा, जुन्या पंख्यासारखा.

पोट तेवढं पाण्याबाहेर,
सेमिनरी हिल्ससारखं,
टेकडी म्हणण्यापुरतंच उंच.
एक चतुर येऊन बसला त्यावर.
आतून तू ढुशी दिलीस.
तो उडाला, पुन्हा बसला.
तुमची ओळख माझ्याआधी झाली.

लोक विचारत होते, काय खावंसं वाटतं?
चिंच नाही, कैरी नाही, माती नाही.
मला वजन नको होतं, एवढंच.
डोहाळे या शब्दात
डोह आहे
हे तिथे निळ्या फरशीवर तरंगताना दिसलं,
मराठीत एम.ए. करूनही
आधी कधी दिसलं नव्हतं.
पाण्यात मी, माझ्यात पाणी,
त्या पाण्यात तू,
आणि तुला पोहायला कोणी शिकवलं नव्हतं.

शेवटच्या शुक्रवारी
मावशींनी माझ्या रबरी टोपीला गजरा गुंडाळला.
जावांनी ओटीचा नारळ काठावरून पाण्यात सोडला,
तो डुलत, रेंगाळत
लाटांच्या मर्जीनं माझ्याकडे आला.
दोन वाट्या झाकून विचारलं, पेढा की बर्फी?
मी म्हटलं, तर्री-पोहे. तर्री जास्त.
प्रांजली हसताना बुडाली, मग वर आली.
मोगऱ्याला क्लोरीनचा वास,
आयुष्यभर लक्षात राहील असा.

तुला एक सांगते, कोणाला सांगू नकोस.
मला तुझी घाई नाही.
तुझे मोजे विणून झालेत, पाळणा माळ्यावरून उतरलाय,
येशील तेव्हा ये, मी आहेच.
पण काठावर टॉवेल घडी घालून ठेवावा
तसा तो शब्द ठेवलाय मी, आई,
कोरडा, माझ्याच मापाचा.
अंगावर घेतला की तो घेतला,
मग खुंटीवर टांगता येत नाही म्हणतात.

सात वाजले.
मॅडमनी शिट्टी वाजवली.
मी ऐकूच आली नाही असं केलं,
कान अजून पाण्यात.
तूही हलला नाहीस. की हलली नाहीस.
दुसरी शिट्टी जरा लांब होती,
आणि त्यानंतर बराच वेळ
तिसरी काही वाजली नाही.